उजवीकडून पहिलं पान

करीमुद्दीन मुन्शी हे नाव आज धाराशिवातही फारसं कुणाला आठवणार नाही. निजामाच्या काळात गावात एक शिळाप्रेस होता, तिथले ते कातिब. कातिब म्हणजे छपाईसाठी सुबक अक्षरात मजकूर लिहून देणारा माणूस. मी जळकोटचा. वडील आठवडी बाजारात मीठमिरचीचं पाल लावायचे. आमच्या घराण्यात मी पहिला बी.ए. मला शिकवायला हातभार लावणारे पुष्कळ होते, त्या सगळ्यांचे उपकार मी मानतो. पण सगळ्यात मोठं देणं कुणाचं असं विचारलं, तर मी मुन्शीजींचंच नाव घेईन. आणि त्यांच्याच बाबतीत मी तोंड उघडायला दोन वर्षं लावली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलं, तेव्हा हेच आधी लिहावं असं वाटलं.

माझं काम म्हणजे मास्तरकी. पुढं जिल्ह्यात कॉलेज निघालं आणि मी तिथं मराठी शिकवू लागलो. जून उजाडला की प्राचार्य विचारायचे, “यंदा वार्षिक अंकाचं कोण बघणार?” आणि स्टाफरूममधले सगळे जण आपापल्या चहाच्या कपात बघायचे. मी कपाबाहेर बघायचो, म्हणून चोवीस वर्षं ते काम माझ्याकडं राहिलं. कॉलेजचा अंक म्हणजे पोरांच्या कविता गोळा करून छापखान्यात टाकायच्या, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. कविता गोळा कराव्या लागतच नाहीत, त्या येतात. एका मुलानं तीच कविता तीन वर्षं तीन नावांनी दिली होती. पहिल्या वर्षी ‘तिला’, दुसऱ्या वर्षी ‘आईस’, तिसऱ्या वर्षी ‘मातृभूमीस’. तिसऱ्या वर्षी मी ती घेतली. पोरगं चिकाटीचं होतं.

अवघड असतं ते पानांचं गणित. कुणाचं काय कुठल्या पानावर, किती जागा सोडायची, चित्र डावीकडं की उजवीकडं, कुठला लेख पान उलटल्यावर पुढं न्यायचा आणि कुठला न्यायचा नाही. हे सगळं मजकूर छापायला जायच्या आधी कागदावर ठरलेलं असावं लागतं. त्यासाठी मी दरवर्षी विद्यार्थी-संपादकाला एक कोरा कागद द्यायचो. “घडी घाल. उघड. आकडे टाक. आता ही घडी मराठी न येणाऱ्या एखाद्याच्या हातात दे, आणि तो कुठून उघडतो ते बघ.” पोरं हसायची. सरांचं खूळ म्हणायची. त्या खुळाची ही गोष्ट आहे.

हैदराबादला बी.ए. होऊन मी उस्मानाबादच्या, म्हणजे धाराशिवच्या, हायस्कुलात लागलो, तेव्हा सेहेचाळीस साल सरत आलं होतं. नेमणूक एका वर्षाच्या परीक्षेवर होती. साहेबांच्या मनात आलं तर कायम, नाही तर घरी. ‘साहेब’ म्हणजे हेडमास्तर. आम्ही त्यांना सदरसाहेब म्हणत असू. माणूस शिस्तीचा, मनानं वाईट नव्हता. त्यांनी एक दिवस बोलावून सांगितलं, की शाळेच्या सालाना जलशाला, म्हणजे वार्षिक समारंभाला, विद्यार्थ्यांचा अंक काढायचा. वरची परवानगी आली आहे. उर्दू भाग सोळा पानांचा, मराठी आठ पानांचा. मराठीचा संपादक मी.

आता उर्दू उजवीकडून उघडते, मराठी डावीकडून. मग एका अंकात दोन्ही कशा बसवायच्या? त्यावर त्या काळची रीत अशी, की उजव्या बाजूनं उघडलं तर उर्दूचं पहिलं पान, डाव्या बाजूनं उघडलं तर मराठीचं पहिलं पान. दोन्ही भाषा आपापल्या दारातून आत यायच्या आणि मध्ये कुठंतरी भेटायच्या. अंकाला मलपृष्ठ नसायचं. दोन्हीकडं तोंडच.

गावात मराठीचे खिळे असलेला छापखाना नव्हता. होता तो शिळाप्रेस. त्यावर कचेरीचे नमुने आणि लग्नाच्या निमंत्रणाचे रुक्के छापले जायचे. त्याचं काम असं चालतं: पिवळट लेप दिलेल्या कागदावर तेलकट शाईनं मजकूर लिहायचा. तो ओला करून गुळगुळीत दगडावर दाबला की अक्षरं दगडावर उलटी उतरतात. मग दगड पाण्यानं भिजवून वर शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या दगडाला शाई चिकटत नाही, तेलकट अक्षरांना चिकटते. वर कागद ठेवून दाब दिला की अक्षरं सुलटी छापून येतात. काम झालं की दगड घासून कोरा करायचा, कारण दगड थोडे आणि कामं फार.

म्हणजे मराठीची आठ पानं कुणीतरी त्या शाईनं हातानं लिहायला हवी होती. मुन्शीजींना मराठी बोललेली सगळी कळायची, पण अक्षर एक वाचता यायचं नाही. माझं अक्षर बरं होतं. सदरसाहेबांनी मला त्यांच्याकडं धाडलं.

मुन्शीजी तेव्हा साठीचे असतील. बारीक अंगाचे, मेंदी लावलेली दाढी, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चश्मा. दर्ग्याच्या अंगाला त्यांचं दोन खणांचं घर होतं. बायको वारलेली, एकुलती मुलगी गुलबर्ग्याला दिलेली. मी गेलो आणि लेखणी मागितली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “लिखना बाद में, मास्तर. पहले हात धोना सीको.”

मला ते लागलं. बी.ए. झालेल्या माणसाला हात धुवायला सांगतात! पण दुसऱ्या दिवशी त्याचा अर्थ कळला. आईनं जळकोटहून शेंगांची चटणी पाठवली होती. ती भाकरीबरोबर खाऊन मी हात धोतराला पुसले आणि लिहायला बसलो. मुन्शीजींनी नमुन्याचं पान दगडावर घेतलं, तर कवितेच्या डोक्यावर माझा आख्खा अंगठा उमटला, रेघान् रेघ. तेल अक्षरातलं की चटणीतलं, हे दगडाला कुठं कळतं?

मुन्शीजींनी तो कागद उजेडात धरला. “माशाल्ला. तहसील का कागद है क्या, अंगूठा लगाने कू? बी.ए. की सनद पे बी ऐसाच अंगूठा लगाया था?”

मग त्यांनी मला शिकवलं. हाताखाली कागद धरून लिहायचं. लेखणीची जीभ कशी कापायची. आणि मिस्तर. मिस्तर म्हणजे पुठ्ठ्यावर मोजून मापून ताणलेले दोरे. त्यावर कागद ठेवून फडक्यानं घासलं की कागदावर दोऱ्यांच्या रेघा उठतात. शाई लागत नाही, पुसाव्या लागत नाहीत, आणि ओळ तसूभर हलत नाही. त्यांचा मिस्तर त्यांच्या उस्तादांनी दिलेला होता. त्यांनी स्वतः बसून मराठीसाठी त्यातले दोरे सैल करून नव्यानं ताणले, कारण आमच्या अक्षरांना वर-खाली मात्रा-उकारांना जागा लागते. “तुम्हारे हरफ टोपी बी पहनते, जूते बी,” असं म्हणाले.

आमचं भांडण एकाच गोष्टीवर झालं, समासावर. ते हाशिया म्हणायचे. पानाच्या चारी बाजूंना ते चांगली तीन बोटं जागा सोडायला लावायचे. माझ्याकडं मजकूर उतू चाललेला. मी म्हटलं, “मुन्शीजी, कागद वाया जातो. दोन कविता आणखी बसतील.”

“बगैर हाशिये का सफा, जैसे बगैर ओटे का घर,” ते म्हणाले. “आदमी रस्ते से सीधा चूल्हे में जाके गिरता.”

मी दोन कविता काढल्या. कवींनी माझ्याशी महिनाभर अबोला धरला.

आठ पानांत सगळ्यात चांगला लेख होता नरहरीचा. नरहरी तुळजापूरच्या पुजाऱ्याचा मुलगा, मॅट्रिकच्या वर्गात. त्यांच्या घरी यात्रेकरू उतरायचे आणि जाताना छत्र्या विसरून जायचे. घरात साठलेल्या त्या छत्र्यांवर त्यानं लिहिलं होतं: कुठली कोणत्या गावच्या माणसाची असेल, कुठली नवरा-बायकोच्या भांडणात राहिली असेल. पंधरा वर्षांच्या पोरानं इतकं सरळ लिहावं याचं मला नवल वाटलं. तो लेख पाचव्या पानापासून आठव्यापर्यंत गेला होता.

आठही पानं लिहून झाली. आता ती एका मोठ्या कागदावर बसवायची होती. एका बाजूला चार पानं, पाठीमागं चार, आणि कागदाला दोन घड्या घातल्या की एक ते आठ ओळीनं आली पाहिजेत. त्यासाठी मोठ्या कागदावर पानं वाटेल तशी, काही डोक्यावर उभी, अशी ठेवावी लागतात. उर्दूची मांडणी मुन्शीजी झोपेतही करतील. मराठीचं म्हणाले, “मेरे कू तुम्हारे हरफ नई आते. तुम एक कोरी घडी बनाके आकडे डालके दो. मैं आकडे देख के बिठाता.”

त्या दिवशी शनिवार होता आणि दुपारच्या मोटारीनं मला जळकोटला जायचं होतं. संपादक म्हणून माझं नाव छापून येणार, हे आईला सांगायचं होतं. मी उभ्या उभ्या कागदाची घडी घातली, उघडत गेलो आणि आकडे टाकत गेलो.

आम्हा निजामाच्या मुलखातल्या मुलांचं असं होतं, की घरी मराठी किंवा कानडी, शाळेत सगळं उर्दू. भूगोल उर्दूत, गणित उर्दूत. बारा-तेरा वर्षं माझी प्रत्येक वही, प्रत्येक पुस्तक उजवीकडून उघडलं होतं. त्या दुपारीही मी घडी उजवीकडून उघडली. आकडे मराठी घातले, पण हात उर्दूचा होता.

“देख लिया ना ठीक से?” मुन्शीजींनी विचारलं.

“बघितलं, मुन्शीजी.” माझा एक पाय उंबऱ्याबाहेर होता.

त्यांना संशय यायचं कारणच नव्हतं. त्यांनी जन्मभर तशाच घड्या पाहिल्या होत्या.

जलशाच्या आदल्या दिवशी सकाळी दोनशे प्रतींचे कागद शाळेत आले. दगड तेव्हा घासून कोरा झाला होता आणि त्यावर कचेरीचं काम चढलं होतं. मुलांनी घड्या घातल्या. सदरसाहेबांनी पहिली प्रत हौसेनं डावीकडून उघडली. पहिल्याच पानाच्या वरच्या ओळीत होतं: ‘म्हणून प्रत्येकानं आपापली छत्री सांभाळावी, एवढंच माझं सांगणं आहे.’

त्यांनी पान उलटलं. सातवं आलं. मग सहावं. संपादकीय सगळ्यात शेवटी. मराठीचा सगळा भाग उलट्या क्रमानं.

मुन्शीजींना बोलावणं गेलं. ते शेरवानी घालून आले. मी खोलीत उभाच होतो. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: परीक्षेचं वर्ष, तीन महिने उरलेत. वडिलांनी जळकोटात पेढे वाटले होते.

“ये किसकी गलती है?” सदरसाहेबांनी विचारलं.

मुन्शीजींच्या शेरवानीच्या खिशात माझी घडी होती. तिचं टोक मला दिसत होतं. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. फार वेळ नाही.

“मेरी, हुजूर,” ते म्हणाले. “उर्दू का हात है. आदत से उल्टा बैठ गया.”

कुणालाही पटावं असंच उत्तर होतं ते. सदरसाहेबांना लगेच पटलं.

बाहेर आल्यावर त्यांनी ती घडी माझ्या हातात दिली. “ये चूल्हे में डालो.”

“मुन्शीजी, तुम्ही असं का...”

“तुम्हारा पहला साल है, मास्तर. मेरा तो हो गया. अब बाताँ नक्को. सुई-दोरा लाओ, सुरी लाओ.”

इलाज त्यांनीच काढला. घड्या कापून सुटी पानं करायची, क्रमानं लावायची आणि कडेनं शिवायची. दोनशे प्रती. मुलं, मी, मुन्शीजी हॉलमध्ये बसलो. नरहरी सुई ओवत होता आणि त्याच्या जिभेला उसंत नव्हती. “सर, मुन्शीजींनी माझा लेख उलटा केला तर तो जास्त चांगला वाटतोय. आधी उपदेश उरकला, मग मजा.” मुन्शीजी खळखळून हसले. मला हसता आलं नाही.

कडेनं शिवायचं म्हणजे ओळींची सुरुवात टाक्यात जाणार, ही माझी भीती होती. गेली नाही. ती तीन बोटं जागा होती ना, सगळे टाके तिच्यातच बसले. ज्या समासासाठी मी त्यांच्याशी भांडलो, त्यानं माझा अंक वाचवला.

जलसा झाला. शिक्षणखात्याचे मोठे अधिकारी आले होते. त्यांनी अंक हातात घेतला, बोटानं शिवण चाचपली आणि भर सभेत विचारलं, मराठीचा भाग असा वेगळा का शिवलाय? सदरसाहेब म्हणाले, “कातिब की भूल, साहब.” मुन्शीजी मागच्या बाकावर होते. ते उठून उभे राहिले, हात कपाळाला लावला आणि म्हणाले, “जी हुजूर. मेरी.” मी व्यासपीठाच्या कडेला हारांचं ताट धरून उभा होतो. ताट खाली ठेवायला कितीसा वेळ लागला असता?

मला वर्षाअखेर कायम केलं. मुन्शीजींकडं शाळेच्या सनदा लिहायचं काम असायचं, ते दुसऱ्याला गेलं. प्रेसमालकही त्यांना कमी बोलवू लागले. मी त्यांच्या घरी जात राहिलो. ते शिकवत राहिले. तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

पण विषय गावानं काढला. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे दिवस. माणसं एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघायला लागली होती, आणि तशा दिवसांत साधी चूक साधी राहत नाही. ‘चुकून कसली उलटी होते? त्या मुन्शीनं मराठी मुद्दाम उलटी छापली,’ असं कुणीतरी म्हटलं. ते धाराशिवातून तुळजापूरला गेलं, तुळजापूरच्या बाजारातून जळकोटला. मी सुटीत घरी गेलो तर वडिलांनी जेवताना विचारलं, “काय रं मल्लिनाथा, तुमच्यातल्या त्या मुन्शीनं मराठी मुद्दाम उलटी छापली म्हणं. खरं व्हय?”

मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणालो, “लोक म्हणतात तसं.”

माझ्या सगळ्या नोकरीत मी बोललेलं सगळ्यात वाईट वाक्य हे. खोटं म्हणावं तर त्यात एक शब्द खोटा नव्हता.

पोलीस ॲक्शननंतरचे दिवस कसे होते ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. मुन्शीजींच्या घराला कुणी हात लावला नाही. पण गल्लीतल्या घरांना एकेक करून कुलपं लागत गेली. एक दिवस कळलं की मुन्शीजी मुलीकडं गुलबर्ग्याला निघालेत. मी गेलो तेव्हा दारात टांगा उभा होता. ट्रंक, वळकटी आणि तोटी असलेला तांब्याचा बदना, एवढंच सामान.

दारावर कुणीतरी कोळशानं मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं: ‘उलटा मुन्शी’. मुन्शीजींनी माझी नजर पाहिली. “क्या लिखा है, मास्तर?”

“पोरांचा खेळ आहे,” मी म्हणालो.

ते जवळ गेले, चश्मा सारखा करून अक्षरांकडं बघितलं. “लिखनेवाला कौन है मालूम नई. लेकिन सीका नई किसी से. लकीर देखो, कैसी चढती-उतरती.” मग ट्रंक उघडून त्यांनी फडक्यात गुंडाळलेला मिस्तर काढला आणि मला दिला. “मेरे कू अब दिखता नई. तुम रखो.”

मला राहवलं नाही. “मुन्शीजी, ते घडीचं... मी लोकांना...”

“वो पत्थर घिस गया, मास्तर,” ते म्हणाले आणि टांग्यात बसले.

दगड कोरा झाला होता हे खरंच. पण दोनशे प्रती घराघरात होत्या आणि प्रत्येक घरात त्या शिवणीबरोबर ती गोष्टही होती. टांगा वळल्यावर मी दार धुतलं. कोळसा निघाला. तेवढंच मला जमलं.

एकोणपन्नास साली नवे हेडमास्तर आले, पुण्याकडचे. त्यांनी अंक पुन्हा काढायचं ठरवलं. आता सोलापूरला खिळ्यांवर छापायचा, सगळा मराठी. उर्दू भाग नको, असं वरूनच ठरलं होतं. काम अर्थातच माझ्याकडं. मी अंकाची कोरी घडी केली. या वेळी डावीकडून उघडून तीन वेळा तपासली, आणि ती घेऊन त्यांच्याकडं गेलो.

“सर, एक पान हवंय. शुद्धिपत्राला.”

“अहो, अंक अजून छापला नाही. शुद्धिपत्र कशाचं?”

“मागच्या अंकाचं.”

“दोन वर्षांपूर्वीच्या?” त्यांनी चश्मा काढला. मी जुनी घडी त्यांच्यासमोर ठेवली, शेजारी उर्दू-मराठीत लिहिलेला शुद्धिपत्राचा कागद. घडी मी चुलीत टाकली नव्हती. सगळं सांगितलं. ते बराच वेळ ती घडी एकदा इकडून, एकदा तिकडून उघडत बसले.

“मास्तर, तुमचीच अब्रू जाईल. पोरं हसतील.”

“हसू द्या, सर.”

“आणि हा उर्दू मजकूर कशाला? सोलापूरच्या छापखान्यात उर्दू खिळे नाहीत.”

“मी हातानं लिहीन. त्याचा ब्लॉक करून घेऊ. मला लिहायला शिकवलंय त्यांनी.”

त्यांनी नव्या अंकाची कोरी घडी उलटून पाहिली. मग म्हणाले, “शेवटचं पान रिकामंच आहे. घ्या.”

“मला शेवटचंच हवं होतं,” मी म्हणालो.

पोरं हसली, हे सांगायला हवं. वर्षभर वर्गात मी पुस्तक उघडलं की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, “सर, डावीकडून.” मी एक प्रत घेऊन जळकोटला गेलो आणि वडिलांना ते पान वाचून दाखवलं. ते अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

“म्हंजे मुन्शीचं काहीच नव्हतं?”

“काहीच नव्हतं.”

“आन् म्या इचारलं तवा तू काय म्हनलास?” त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. ते पुढं म्हणाले, “म्या तुळजापुरात चार जनांस्नी सांगितलंय रं. आता त्या चौघांकडं मलाच जावं लागंल.” आणि खरोखरच पुढच्या बाजारी ते अंकाची प्रत मिरच्यांच्या पोत्यावर ठेवून बसले. वाचता त्यांना येत नव्हतं. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की शेवटचं पान उघडून त्याच्यापुढं धरायचे आणि म्हणायचे, “वाच मोठ्यानं. माझ्या पोरानं लिवलंय.” हे मला पुढं नरहरीनं सांगितलं.

मुन्शीजींच्या भाच्याचं गावात घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. त्याच्याकडून गुलबर्ग्याचा पत्ता घेतला आणि अंकासोबत पत्र पाठवलं. उत्तर आलं. ते माझ्याजवळ आहे आणि माझ्याजवळच राहू द्या. माझं पत्र उर्दूत होतं. त्याची नक्कल मी ठेवली होती, ती इथं मराठीत देतो.

‘मुन्शीजींना मल्लिनाथाचा आदाब.

तुमची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. डोळ्यांचं कसं आहे? पत्र मोठ्या अक्षरात लिहितोय. लिहिण्याआधी हात साबणानं दोनदा धुतलेत.

सोबत शाळेचा नवा अंक पाठवतोय. सोलापूरला छापला. खिळ्यांची छपाई स्वच्छ असते, पण सगळी अक्षरं पलटणीसारखी एकाच उंचीची उभी राहतात. तुम्हाला आवडणार नाही. समास तीन बोटं ठेवलाय. छापखान्याचा माणूस म्हणाला, कागद वाया जातो. मी त्याला ओट्याचं सांगितलं.

तुमचा मिस्तर माझ्याजवळ आहे. एक दोरा तुटला होता, तो बदलला. बाकीचे तुम्ही ताणलेलेच आहेत.

तुम्ही म्हणाला होता, पत्थर घिस गया. मुन्शीजी, दगड घासला गेला, पण लोकांच्या घरात अंक राहिले. तुम्ही माझ्यासाठी जे अंगावर घेतलंत, ते लोकांनी तुमच्याविरुद्ध वापरलं. तुम्ही विचारलंत दारावर काय लिहिलंय, तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. तिथं ‘उलटा मुन्शी’ असं लिहिलं होतं. उलटा मी होतो. ही गोष्ट आता मी तुम्हाला एकट्याला सांगत नाहीये. दोनशे प्रतींत छापली आहे, कारण चूकही दोनशे प्रतींत होती.

या अंकात उर्दू भाग नाही. मी विचारून पाहिलं, झालं नाही. मराठी डावीकडून सुरू होऊन उजव्या टोकाला संपते. पण अंक हातात आल्यावर तुम्ही तो सवयीनं उजवीकडूनच उघडाल, हे मला माहीत आहे. त्या बाजूला एक पान माझ्या हातच्या उर्दूत आहे, खाली तेच मराठीत. इथले लोक त्याला शेवटचं पान म्हणतील.

तुम्हाला ते पहिलं दिसेल. त्यावर लिहिलंय: मागच्या अंकात मराठीची पानं उलट्या क्रमानं लागली, त्याची घडी मी घातली होती. कातिब करीमुद्दीन साहेबांच्या हातून एकही पान चुकलेलं नाही.

अक्षर कसं आलंय ते कळवा. ओळ कुठं चढली-उतरली असेल तर तेही.

तुमचा शागीर्द,
मल्लिनाथ’